पंपाला काय दिसत नाही? मुलांसाठी स्वयंचलित इन्सुलिन सुरू करताना

टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलासाठी डॉक्टरांनी स्वयंचलित पंप सुचवला की घरात दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, आता सुटलो, सगळं यंत्रच करेल. कुणी म्हणतं, लेकराचा जीव यंत्राच्या हवाली कसा करायचा? दोघांनीही आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: या यंत्रणेला काय कळतं आणि काय कळत नाही.

तिला दोनच गोष्टी कळतात. सेन्सरने मोजलेली शुगर आणि आतापर्यंत किती इन्सुलिन सोडलं याचा हिशोब. मूल जेवायला बसलंय, मैदानावर धावतंय, तापाने फणफणलंय किंवा कातडीखालची नळी मघाशीच निसटून बाहेर आलीय, यातलं काहीही तिला दिसत नाही. ते तिला सांगायचं काम मोठ्यांचं, आणि मूल मोठं झालं की त्याचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कामाच्याच आहेत. डोस अर्थातच तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी ठरवायचे. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत.

पायरी १ : ही चालते कशी

यंत्रणेचे तीन भाग असतात. पहिला सेन्सर. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, बहुतेक सेन्सर दर पाच मिनिटांनी. दुसरा पंप, जो अतिजलद इन्सुलिन थेंबाथेंबाने आत सोडतो. तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे या दोघांना जोडणारं गणित, अल्गोरिदम. तो पंपात असतो, पॉडमध्ये (अंगाला चिकटणाऱ्या, नळी नसलेल्या पंपात) असतो किंवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये. शुगर खाली चालली आहे असा अंदाज आला की तो इन्सुलिन कमी करतो किंवा थांबवतो. वर चालली असेल तर वाढवतो. काही यंत्रणा वर जाणाऱ्या शुगरवर छोटे करेक्शन बोलसही आपण होऊन देतात (बोलस म्हणजे एका वेळी एकदम दिलेला इन्सुलिनचा डोस).

शुगर लो झाल्यावर इन्सुलिन थांबवणारे पंप २००९ च्या सुमारास आले. इन्सुलिन कमी-जास्त दोन्ही करणाऱ्या पहिल्या यंत्रणेला, मेडट्रॉनिकच्या मिनीमेड ६७०जीला, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. आजच्या यंत्रणा तिच्यापेक्षा बऱ्याच शहाण्या आहेत, पण जवळपास सगळ्या अजून 'हायब्रिड', म्हणजे अर्ध्या स्वयंचलित आहेत. जेवणाचा बोलस माणसानेच द्यायचा.

असं का? कारण कातडीखाली टोचलेलं अतिजलद इन्सुलिनसुद्धा नावाइतकं जलद नसतं. त्याचा परिणाम सुरू व्हायला १० ते २० मिनिटं लागतात, जोर एक-दोन तासांनी येतो आणि अंमल तीन ते पाच तास राहतो. त्यात सेन्सरही रक्तातल्या शुगरच्या काही मिनिटं मागे असतो. सेन्सरला चढती शुगर दिसेपर्यंत अन्न बरंच पुढे गेलेलं असतं. निरोगी स्वादुपिंड घास पोटात जाता जाताच इन्सुलिन थेट यकृताकडे पाठवतं. तो वेग कुठल्याही पंपाला अजून जमलेला नाही.

या यंत्रणा सर्वांत चांगलं काम करतात ते रात्री. जेवण नाही, धावपळ नाही, तुम्ही मध्ये हात घालत नाही. पहिल्या काही दिवसांतच सकाळचे आकडे सुधारलेले दिसतात आणि आईवडिलांना बऱ्याच काळाने सलग झोप मिळते. माझ्या मते पंप घेण्याला एवढं एक कारणही पुरे आहे.

पायरी २ : कोणती यंत्रणा?

जाहिरातींपेक्षा तुमच्या घराचं रोजचं वेळापत्रक समोर ठेवा. पहिला प्रश्न नळीचा. मिनीमेड ७८०जी आणि टँडेम कंपनीचा, कंट्रोल-आयक्यू नावाचा अल्गोरिदम असलेला टी-स्लिम यांना नळी असते. पंप खिशात किंवा पट्ट्यात ठेवावा लागतो, पण अंघोळीला किंवा पोहताना सेटपासून, म्हणजे कातडीत बसवलेल्या बारीक नळीच्या जोडणीपासून, सोडवता येतो. ओम्नीपॉड ५ चा पॉड थेट कातडीला चिकटतो, नळी नसते, पण तो मध्येच काढून ठेवता येत नाही. तीन दिवस अंगावरच. लहानग्यांना नळी ओढायची खोड असते, म्हणून पुष्कळ घरं पॉडकडे वळतात. उलट, फार बारीक अंगाच्या बाळाला पॉडचा आकारच मोठा वाटू शकतो.

दुसरा प्रश्न अल्गोरिदम राहतो कुठे. ओम्नीपॉड ५ मध्ये तो पॉडमध्येच असतो, त्यामुळे कंट्रोलर दुसऱ्या खोलीत राहिला तरी स्वयंचलित काम चालू राहतं (बोलस द्यायला मात्र कंट्रोलर लागतोच). कॅमएपीएस एफएक्स हे केंब्रिज विद्यापीठात रोमन होवोर्का यांच्या गटाने घडवलेलं अ‍ॅप फोनवर चालतं. फोन बंद पडला किंवा दूर राहिला की पंप थोड्या वेळाने ठरवून दिलेल्या बेसलवर, म्हणजे दिवसभर थोडंथोडं जाणाऱ्या इन्सुलिनच्या दरावर, परत जातो. फोन चार्ज करायला विसरणारा मुलगा घरात असेल तर हा फरक बारीकसारीक नाही.

तिसरा प्रश्न वय आणि रोजचं एकूण इन्सुलिन. कॅमएपीएसला युरोपात १ वर्षापासून आणि ओम्नीपॉड ५ ला अमेरिकेत २ वर्षांपासून मान्यता आहे. इतरांच्या वयाच्या अटी बदलत आल्या आहेत, त्या ताज्या तपासून घ्या. ७८०जीला दिवसाला किमान ८ युनिट इन्सुलिन लागतं. दोन वर्षांच्या मुलाचं दिवसभराचं इन्सुलिन याहून कमी असू शकतं, तेव्हा हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारा, नंतर नको.

चौथी गोष्ट लक्ष्याची, म्हणजे यंत्रणा शुगर कोणत्या आकड्याजवळ ठेवायला बघते त्याची. ७८०जीमध्ये १००, ११० किंवा १२० यांपैकी एक लक्ष्य निवडता येतं, ओम्नीपॉड ५ मध्ये ११० ते १५०. कॅमएपीएसचं मूळ लक्ष्य साधारण १०४ असतं आणि ते बरंच वरखाली करता येतं. कंट्रोल-आयक्यू एका आकड्याऐवजी एक पट्टा धरून चालतो. (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचं यंत्र मिलिमोल दाखवत असेल तर १८ ने भागा.) आयलेट नावाची यंत्रणा आणखी वेगळी आहे. ती मुलाच्या वजनावर सुरू होते आणि जेवणाला 'नेहमीइतकं', 'कमी' किंवा 'जास्त' एवढंच विचारते. कार्ब्स (जेवणातली कर्बोदकं) मोजणं ज्या घरात काही केल्या जमत नाही, तिथे हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

लूप, अँड्रॉइडएपीएस अशा रुग्णांनी आणि पालकांनी स्वतः लिहिलेल्या मुक्त प्रणालीही आहेत. २०१५ मध्ये डेना लुईस यांनी पुढे आणलेल्या ओपनएपीएसपासून ही चळवळ वाढली आणि कंपन्यांनाही तिने वेग घ्यायला लावला. तरी अगदी नवख्याने सुरुवात तिथून करू नये असं माझं मत आहे. प्रणाली बिघडली तर दुरुस्त करणारं घरातच कुणीतरी हवं आणि डॉक्टरही सोबत हवेत.

पायरी ३ : पंप येण्याआधी

इंजेक्शनवर दिवस काढायला तुम्हाला यायलाच हवं. पंप कधीतरी बंद पडणारच, आणि त्या दिवशी तुमच्याकडे फक्त इन्सुलिनचं पेन असेल. म्हणून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: पंप नसेल तर द्यायचा दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा डोस, बेसलचे दर, कार्ब्सचं गुणोत्तर (एका युनिटला किती ग्रॅम), करेक्शन फॅक्टर (एक युनिट शुगर किती उतरवतं) आणि अडीअडचणीला फोन कुणाला करायचा. फोनमध्ये फोटो ठेवा, पण कागदही ठेवा.

कार्ब्सचा अंदाज घेण्याचा सराव आत्ताच सुरू करा. तो अगदी ग्रॅमवर बरोबर यायची गरज नाही. पाच-दहा ग्रॅमची चूक अल्गोरिदम सहसा सांभाळून घेतो, निम्म्याची चूक नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा काही आठवडे वापरला की डोळा तयार होतो.

सेटिंग्जमधलं काय खरोखर चालतं हेही विचारून घ्या, कारण यावर फार गोंधळ होतो. ७८०जी आणि ओम्नीपॉड ५ स्वयंचलित असताना तुम्ही भरलेला बेसल वापरत नाहीत. ते अलीकडच्या दिवसांतल्या एकूण इन्सुलिनवरून स्वतःच अंदाज बांधतात. कंट्रोल-आयक्यू मात्र तुमच्याच बेसलवर उभा असतो. म्हणजे एका यंत्रणेत बेसल बदलून काहीच होणार नाही, आणि दुसरीत तोच बदल सगळी रात्र फिरवेल.

आणि मुलाला विचारा. चार वर्षांच्या मुलाला कुठल्या बाजूला लावायचं हे ठरवू द्या. चौदा वर्षांच्या मुलीला पंप अंगावर हवा की नको हेच ठरवू द्या. मुलीच्या मनाविरुद्ध लावलेला पंप लवकरच कपाटात जातो.

पायरी ४ : सेट आणि सेन्सर लावणं

जागा पोट, नितंबांचा वरचा भाग, मांडी आणि दंड. लहान मुलांच्या पोटावर चरबी कमी असते, त्यांना नितंब बरे पडतात. बहुतेक सेट आणि पॉड दोन-तीन दिवसांनी बदलायचे. दर वेळी जागा बदला, निदान दोन बोटं सरकून. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्याने कातडीखाली गाठी होतात, त्यांत इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि मुलांना मात्र तीच जागा हवी असते कारण तिथे दुखत नाही. बोटांनी चाचपून पाहायची सवय ठेवा.

सेट कधीही झोपायच्या आधी बदलू नका. नवी नळी आत वाकली असेल तर ते दोन-तीन तासांत शुगरवरून कळतं, आणि ते तास सगळ्यांच्या जागेपणी जायला हवेत. जेवणाआधी बदलणं सोयीचं, कारण बोलस लागू पडतोय का ते लगेच दिसतं.

सेन्सर लावल्यावर त्याला जागं व्हायला प्रकारानुसार अर्धा ते दोन तास लागतात. पहिल्या दिवशी त्याचे आकडे जरा चंचल असतात. मूल सेन्सरवर अंग टाकून झोपलं तर दाबामुळे रीडिंग एकदम खाली येतं. रात्री दोन वाजता ११० वरून अचानक ५० दिसलं, तर आधी मुलाला कुशीवर वळवा आणि बोटातून रक्त घेऊन पाहा. साखर नंतर. काही सेन्सर पॅरासिटामॉलमुळे आणि काही क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे रीडिंग खोटं वर दाखवतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण खोट्या आकड्यावर यंत्रणा खरं इन्सुलिन सोडते. तुमच्या सेन्सरला यातलं काय लागू आहे ते माहितीपत्रकात बघा.

चिकटपट्टीने कातडी लाल होत असेल तर खाली लावायचे संरक्षक द्रव किंवा पातळ पट्टी मिळते. काढताना तेलाचा हात लावून हळू सोडवा. मुलांना टोचण्यापेक्षा हे ओढून काढणंच जास्त दुखतं.

पायरी ५ : पहिले दोन आठवडे

यंत्रणा स्वयंचलित झाल्यावर सगळ्यात अवघड काम म्हणजे हात आवरणं. शुगर २०० झाली की इंजेक्शनच्या दिवसांतली सवय उसळी मारते आणि माणूस मध्येच करेक्शन देतो. पण अल्गोरिदमनेही इन्सुलिन वाढवलेलंच असतं. दोन्ही एकत्र आले की तासाभराने लो. बोलस द्यायचाच तर पंपाच्या बोलस कॅल्क्युलेटरमधूनच द्या. तो अंगात शिल्लक असलेलं इन्सुलिन वजा करतो. त्याने शून्य सांगितलं तर ते शून्य माना.

शुगर उतरवायला न खाल्लेले कार्ब्स भरून पंपाला फसवायची युक्तीही कुणीतरी सुचवेल. नका करू. यंत्रणेचा अंदाज त्याने बिघडतो, आणि पुढे डॉक्टरांना रिपोर्टमध्ये खरं जेवण कोणतं आणि खोटं कोणतं हेच कळत नाही.

अलार्म सुरुवातीला मोजकेच ठेवा. लोसाठी ७० आणि हायसाठी २५० पुरतात. सगळे अलार्म चालू ठेवले तर आठवडाभरात घर त्यांना बहिरं होतं, आणि मग खरा अलार्मही वाजून जातो.

पायरी ६ : जेवण

यंत्रणा घेऊनही आकडे सुधारत नाहीत तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा उत्तर एकाच ठिकाणी सापडतं असा माझा समज आहे: बोलस उशिरा दिला किंवा दिलाच नाही. जेवणाआधी १० ते १५ मिनिटं बोलस द्या. इंजेक्शनवर असताना जेवता जेवता दिलेलं चालून जायचं, इथे ते दुप्पट महागात पडतं. शुगर चढू लागली की अल्गोरिदम इन्सुलिन वाढवतो, मागून तुमचा पूर्ण बोलस येतो, आणि दोन तासांनी मूल लो होऊन घामाघूम.

म्हणून विसरलेल्या बोलसचा नियम वेगळा. बऱ्याच क्लिनिकमध्ये असं शिकवतात: जेवून अर्धा तास झाला असेल तर साधारण निम्मेच कार्ब्स भरा, तास उलटला असेल तर कार्ब्स न भरता फक्त शुगरवरून कॅल्क्युलेटर जे करेक्शन सांगेल ते द्या. बाकीचं यंत्रणेवर सोडा.

लहान मूल किती खाईल हे कुणालाच माहीत नसतं. नक्की पोटात जाईल तेवढ्या भागाचा बोलस आधी द्या, उरलेला ताट पाहून. इंजेक्शनमध्ये हे म्हणजे दोन टोचण्या होत्या, पंपात दोन बटणं. तळलेलं, चीज, मांसाहार अशा स्निग्ध आणि प्रथिनयुक्त जेवणाने शुगर तीन-चार तासांनी चढते. ती चढण हळू असते आणि अल्गोरिदम ती बहुधा पेलतो. तिथे फार डोकं लावू नका.

पायरी ७ : लो झाल्यावर

इंजेक्शनवरच्या मुलांना १५ ग्रॅम साखर देण्याची रीत असते. इथे तेवढी दिली तर शुगर उसळते. यंत्रणेने लो येताना दिसल्यावर अर्धा-पाऊण तास आधीच इन्सुलिन थांबवलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा ५ ते १० ग्रॅम पुरतात. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळांचा रस द्या, चॉकलेट नको. त्यातली चरबी साखरेचा वेग मारते. १५ मिनिटं थांबा. सेन्सर मागे असल्याने तो अजून लो दाखवेल, बोटातून पाहिलंत तर शुगर चढलेली दिसेल. साखरेचे हे कार्ब्स पंपात भरायचे नाहीत, नाहीतर तो त्यावरही इन्सुलिन देईल.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा, ग्लुकागॉन (शुगर झटपट वाढवणारं औषध) द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. ग्लुकागॉन कुठे ठेवलंय हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

पायरी ८ : हाय आणि कीटोन, हे पाठ करा

इतर कुठल्याही पायरीत चूक झाली तर एखादा वाईट दिवस जातो. इथे झाली तर मूल अतिदक्षता विभागात जाऊ शकतं.

पंपात दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन नसतं. असतं ते फक्त अतिजलद, काही तासांत संपणारं. नळी वाकली, सेट निघाला, इन्सुलिन उन्हात खराब झालं, तर चार-सहा तासांत अंगात काहीही उरत नाही आणि कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं, वाढायला लागतात. पंपाला वाटतं आपण देतोय. शुगर चढते, तो आणखी देतो, आणि ते सगळं कपड्यांत किंवा पट्टीखाली जिरतं. इन्सुलिनचा उग्र, दवाखान्यासारखा वास आला तर तोच पुरावा समजा.

शुगर २५० च्या वर गेली आणि करेक्शन देऊनही तास-दीड तासात उतरायला लागली नाही, तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन मोजणारं मीटर घरी असावंच. लघवीची पट्टी काही तास मागची गोष्ट सांगते.

कीटोन ०.६ च्या खाली (हे आकडे मिलिमोल प्रति लिटरमध्ये) असतील तर पंपातून करेक्शन द्या आणि तासाने पुन्हा बघा. ०.६ ते १.५ असतील तर करेक्शन पेनने द्या, पंपातून नाही. मग सेट बदला, नवं इन्सुलिन भरा, भरपूर पाणी पाजा. १.५ च्या वर हेच सगळं करा आणि शिवाय डॉक्टरांना लगेच फोन. ३ च्या वर किंवा मूल उलट्या करत असेल, धापा टाकत असेल, तर थेट रुग्णालय.

क्रम लक्षात ठेवा: आधी पेन, मग सेट. नवा सेटही वाकलेला निघू शकतो.

पेनने दिलेलं इन्सुलिन पंपाला माहीत नसतं, म्हणून पुढचे तीन-चार तास बहुतेक क्लिनिक यंत्रणा मॅन्युअलवर ठेवायला सांगतात. याची दुसरी बाजूही आहे. निसटलेल्या सेटमधून वाया गेलेलं इन्सुलिन पंप अजून अंगात आहे असंच धरून चालतो, आणि सेट बदलल्यावरही हात आखडता घेतो. त्या दुपारी कॅल्क्युलेटरच्या शून्यावर विश्वास ठेवू नका. कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे वेळ आल्यावर नव्हे तर आधीच डॉक्टरांकडून उदाहरणं घालून समजून घ्या.

आजारपणातही हेच सूत्र. ताप असेल तर इन्सुलिन सहसा जास्त लागतं. उलट्या-जुलाब असतील तर शुगर कमी असूनही कीटोन वाढू शकतात. तेव्हा शुगर बरी दिसतेय म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी ९ : खेळ, पोहणं, तपासण्या

व्यायामासाठीचं वरचं लक्ष्य खेळ सुरू होताना लावून फारसा उपयोग नाही. एक-दोन तास आधी लावा, म्हणजे अंगातलं इन्सुलिन तोवर उतरतं. जेवून लगेच खेळ असेल तर त्या जेवणाचा बोलस साधारण पाव भागाने कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. खेळाआधी बोलसशिवाय भरपूर खाऊ घालू नका. शुगर चढेल, यंत्रणा इन्सुलिन सोडेल आणि ऐन खेळात लो होईल. सामन्याच्या ताणाने किंवा जोराच्या छोट्या धावांनी शुगर उलट चढते, ती सहसा नंतर आपली आपण उतरते.

पंप सोडवून ठेवायचा असेल तर त्याला थांबवूनच ठेवा. नाहीतर बाकावर पडलेला पंप सोडत राहिलेलं इन्सुलिन तो मुलाच्या खात्यावर मांडेल. तासापेक्षा जास्त वेळ पंपाविना राहायचं असेल तर त्याची वेगळी योजना लागते. एमआरआयला जाताना पंप आणि सेन्सर खोलीच्या बाहेर. एक्स-रे आणि सीटी स्कॅनबद्दल यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा.

पायरी १० : शाळा

वर्गशिक्षकांना अल्गोरिदम समजावत बसू नका. त्यांना तीन गोष्टी पुरतात: लो कसा ओळखायचा आणि काय द्यायचं, मुलाला एकटं कुठे पाठवायचं नाही, आणि फोन कधी करायचा. यंत्राचा आवाज झाला म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढू नये आणि पंपाचा फोन जप्त करू नये, हे लेखी द्या. दप्तरात ग्लुकोज, मीटर, एक जास्तीचा सेट किंवा पॉड, पेन आणि कीटोनच्या पट्ट्या हव्यात.

घरून मुलाची शुगर फोनवर दिसते याचा मोह सांभाळा. दर दहा मिनिटांनी शाळेत मेसेज पाठवणारे पालक मुलाला थकवतात, आणि शिक्षकांनाही.

पायरी ११ : मूल तेरा-चौदाचं झालं की

वयात येताना वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिन कमी परिणाम करतं. लहानपणी दर किलो वजनामागे एक युनिटच्या आत असलेली गरज दीड युनिटपर्यंत किंवा त्याही पुढे जाऊ शकते. पहाटे शुगर चढते. तेव्हा आकडे बिघडले म्हणजे पोर चोरून खातंय, हा पहिला निष्कर्ष काढू नका. आधी सेटिंग्ज तपासा.

तरीही या वयात बोलस चुकतात. मित्रांसमोर पंप काढायचा नसतो, कंटाळा आलेला असतो, सहा वर्षं तेच तेच करून जीव विटलेला असतो. 'का नाही दिलास?' विचारलंत की उत्तर मिळत नाही, खोटं मिळतं. त्यापेक्षा व्यवहार करा: दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाचा बोलस वेळेवर दे, बाकीचं आपण बघू. फोनवरून किंवा घड्याळावरून बोलस देता येणारी यंत्रणा असेल तर ती याच वयात खरी उपयोगी पडते. शुगरबद्दल बोलायची दिवसातली एकच वेळ ठरवा आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या आकडा विचारू नका.

मोठ्या मुलांशी दारूबद्दल स्पष्ट बोला. दारूमुळे यकृताचं साखर सोडणं मंदावतं, रात्री उशिरा किंवा दुसऱ्या सकाळी लो येतो, आणि तेव्हा ग्लुकागॉनचाही पूर्ण उपयोग होत नाही. 'पिऊ नकोस' एवढंच सांगून गप्प बसलात तर ही माहिती त्याला कुणीच देणार नाही.

पायरी १२ : रिपोर्ट वाचणं

दोन आठवड्यांचा रिपोर्ट एकत्र काढा. एका दिवसावरून काही ठरवू नका. पहिल्यांदा पाहा यंत्रणा किती टक्के वेळ स्वयंचलित होती. ते ९० च्या बरंच खाली असेल तर कारण शोधा: सेन्सर गळून पडतोय, फोन दूर राहतोय, की अलार्मला कंटाळून मूल ती बंद करतंय? हे सुटेपर्यंत बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

मग लो. ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी आणि ५४ च्या खालचा १ टक्क्यापेक्षा कमी असावा. त्यानंतर रेंजमधला वेळ, म्हणजे ७० ते १८० च्या दरम्यानचा. तो ७० टक्क्यांहून जास्त असावा असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचवलं आहे. एखाद्या मुलाचा तो ४५ वरून ६० वर आला असेल तर ती मोठी मजल आहे. ७० झाले नाहीत म्हणून त्याला बोल लावू नका.

शेवटी दिवसाच्या आलेखात कुठल्या वेळी शुगर चढते ते बघा आणि त्या जेवणाचे बोलस वेळेवर होते का ते तपासा. वेळेवर असूनही रोज चढत असेल तर त्या वेळचं कार्ब्सचं गुणोत्तर घट्ट करायला हवं, म्हणजे एका युनिटमागचे ग्रॅम कमी. स्वयंचलित यंत्रणांत ते इंजेक्शनच्या काळापेक्षा घट्ट लागणं नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना विचारून १० टक्क्यांपासून सुरुवात करा, एका वेळी एकच बदल, आणि दुसऱ्याला हात लावण्याआधी तीन-चार दिवस जाऊ द्या.